अंगणाला काँक्रीट घातल्याची हकीकत

ती. लोर्नाताईस,

फिनिक्सहून धाकट्या व्हर्जिलचा घामेजलेला, पण खणखणीत नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? डुलुथला जूनमध्येही गोधडी लागते असं तू लिहिलंस, ते वाचून तुझी कीव आली. आमचं उत्तम चाललंय. तुमच्याकडे दोन दिवसांचं मिळून जेवढं तापमान होतं, तेवढं आमच्याकडे एका दुपारी होतं, पण हवा कोरडी, त्यामुळे कळतसुद्धा नाही. (मोटारीचं स्टिअरिंग धरायला स्वयंपाकघरातले जाड हातमोजे लागतात, पण ते इथे सगळेच ठेवतात.) गार पाण्याच्या नळाला अंडं उकडेल असं पाणी येतं, म्हणून आम्ही घरातला, सावलीतला बंब बंद करून टाकतो आणि गार पाण्यासाठी गरम पाण्याचा नळ सोडतो. अशी सोय तुमच्याकडे आहे का?

आता मुद्द्याचं. आमच्या दारातलं मेस्कीटचं झाड तुला आठवत असेल. तुझी भावजय मॅव्हिस त्याच्याखाली खुर्ची टाकून बसायची. बाकी त्या झाडाला दोनच उद्योग, माझ्या ट्रकवर चीक गाळणं आणि शेंगा टाकणं. एप्रिलमध्ये मॅव्हिस तिच्या बहिणीकडे टूसॉनला गेली तेव्हा मी ते तोडलं, आणि ती परत यायच्या आत अंगणभर काँक्रीट ओतलं. उभा जन्म मी या शहरात पार्किंगच्या जागा बांधल्या (संत्र्याच्या बागा होत्या तिथे आज जी पार्किंगं दिसतात, त्यांतली निम्मी माझी), आणि माझ्याच दारात माती असावी हे मला शोभत नव्हतं. उतार असा साधलाय की पावसाचा एक थेंब अंगणात थांबणार नाही. (पाऊस अजून आलेला नाही.)

मॅव्हिस आली, अंगणाकडे पाहत उभी राहिली आणि बॅग घेऊन सरळ आत गेली. ती बोलते तेव्हा मला काळजी नसते. रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "व्हर्जिल, तू अंगण नाही केलंस, तवा केलायस. मला त्यावर कधी टाकतोस, तेवढं सांग."

तिच्या म्हणण्यात तथ्य नाही. काँक्रीट दिवसभर तापतं आणि सकाळपर्यंत निवत नाही, एवढंच. टीव्हीवर हवामान सांगणारा एक पोरगा आहे. तो म्हणतो, जगच तापत चाललंय, त्यात आपलं शहर पसरलं, त्या सगळ्या डांबरा-काँक्रीटने दिवसाची आग साठवली की ती रात्री बाहेर पडते, म्हणून आता रात्रीही गार होत नाहीत. त्याने जन्मात एक घमेलं उचललं नसेल. ते डांबर मी ओतलंय, मला विचारा ना.

आता तुला माहीत आहे, इथे कोणी दुकानाच्या दारापाशी गाडी लावत नाही. झाड असेल तिथे लावायची आणि तंगडतोड करत यायचं. त्याच रिवाजाने माझा ट्रक हल्ली समोरच्या ओचोआच्या झाडाखाली असतो. (चीक पडतो, पण बसताना बूड भाजत नाही.) मग मॅव्हिसने खुर्चीही तिकडेच नेली. परवा ओचोआ रस्त्यापलीकडून ओरडला, "शेजारी, ट्रक आला, वहिनी आल्या, तुम्हीच काय घोडं मारलंय? या की." मॅव्हिस मान वर न करता म्हणाली, "नका बोलावू. त्याला काँक्रीट आवडतं."

त्यानंतर तिने बॅग भरली. म्हणाली, "लोकांच्या सावलीत किती दिवस बसायचं? मी लोर्नाताईंकडे जाते. परत कधी, ते विचारू नकोस." मी विचारलं नाही. इतक्या वर्षांचा संसार कोणी एका झाडापायी मोडत नाही. आठ दिवसांत येते की नाही बघ. मी अगदी निर्धास्त आहे.

गुडघ्याला जप.

तुझा,
व्हर्जिल

ता. क. मॅव्हिस गुरुवारी तुझ्याकडे पोचेल. एक करशील का? तिला सरोवराच्या बाजूची खोली देऊ नकोस. खिडक्या घट्ट लाव, हीटर सुरू ठेव, आणि यंदा डुलुथलाही उकाड्याने जीव नकोसा झालाय म्हण. फिरायला नेलंस तर झाडं नसलेल्या रस्त्याने ने. फार लाड केलेस तर ती परत यायची नाही.

ता. क. २. पत्र टाकायचं राहिलं. मॅव्हिस काल गेली. वरचं विसर, तिला सरोवराचीच खोली दे. आज सकाळी काँक्रीट फोडायचं यंत्र भाड्याने आणलं. मी इतकं पक्कं ओतलंय ताई, की फुटता फुटत नाही (कामाचा दर्जा बघ). ओचोआने मेस्कीटचं रोप दिलंय, वीतभर आहे. त्याची सावली पडेपर्यंत मी टिकेन की नाही, सांगता येत नाही. पण तिला सांग, आळ्याला लागते त्याहून जास्तच जागा फोडतोय. दोन खुर्च्या मावतील एवढी.