कथबर्टच्या बगळ्याचा हिरवा रंग

मुतारे, मंगळवार

सिंहकुळाच्या गारिकाईस टाळ्या वाजवून नमस्कार.

तू ठीक असशील तर आम्हीही ठीक आहोत. (नसशील तर आधी कळव, म्हणजे आमचं का बिघडलं ते तरी समजेल.) वहिनींचा खोकला गेला का? गायी दूध देतात ना?

आमच्या लेकीचं, रुविंबोचं लग्न येत्या शनिवारी, माझ्या मेहुण्याच्या बागेत आहे. कथबर्ट माझ्याहून कितीतरी लहान, पण बायकोचा भाऊ! म्हणून मी त्याला सासरेबुवा म्हणायचं, उकिडवं बसून टाळ्या वाजवत बोलायचं आणि त्याने सांगितलेलं काम निमूट करायचं. तो जोहान्सबर्गला गेला आणि बागेतल्या शोभेच्या वस्तूंची निगा माझ्या गळ्यात मारून गेला. जाताना म्हणाला, “जावई, माझ्या एका जरी पक्ष्याला काही झालं, तर लग्न शाळेच्या हॉलमध्ये!” रुविंबो लहानपणापासून याच बागेत लग्न करायचं म्हणते आहे, म्हणून मी गप्प बसलो. (मी! खाणकामगारांच्या सभेत मालकांची वाचा बसवणारा मी!)

आता माझा गोंधळ ऐक. पत्र्याच्या गिनी कोंबड्या गंजलेल्या आहेत. तो गंज जपायचा आणि त्यावर मेण चढवायचं. फाटकावरचा लोखंडी धनेशही गंजलेला आहे. त्याचा गंज मात्र घासून काढायचा आणि तेल लावायचं. एक गंज पूज्य आणि दुसरा त्याज्य, हा कुठला न्याय? मी जगभरच्या क्रांत्यांचे इतिहास वाचले, पण गंजागंजांत असला भेदभाव कुठे वाचला नाही. झाडाला टांगलेले स्फटिकाचे लोलक कोमट पाण्यात धुऊन लगेच सुती फडक्याने पुसायचे, नाहीतर डाग पडतात. स्फटिकाचा मोठा गोळा ऊन चढायच्या आत झाकायचा. हे सगळं कथबर्ट रोज सकाळी फोनवर नव्याने सांगतो आणि मी सवयीने बसून टाळ्या वाजवतो. (म्हणूनच पहिल्या दिवशी फोन पाखरांच्या पाण्यात पडला.)

रविवारी गोळा झाकायचा राहिला. मी वेताच्या खुर्चीत बसून वधूपित्याच्या भाषणाचा सराव करत होतो. अन्यायाच्या वणव्यापर्यंत आलो आणि धूर दिसू लागला. मला वाटलं, वाणी प्रभावी ठरते आहे. तेवढ्यात माझी बायको, माई रुविंबो, लोलक धुतलेलं पाणी माझ्यावर ओतून म्हणाली, “अहो, भाषण पेटलंय की तुम्ही?” गोळ्यातून आलेल्या उन्हाने खुर्चीला भोक पाडलं होतं, आणि पँटलाही.

पण खरा घात काल झाला. लग्नाच्या तयारीला माझी थोरली बहीण सेकेसाई चार बायका घेऊन आली आणि तळ्याकाठच्या तांब्याच्या बगळ्यासमोर उभी राहिली. त्याच्यावर हिरवा थर आहे. “हे बुरसटलेलं भांडं दारात? मुलाकडचे म्हणतील, या घरच्या बायका झोपाच काढतात!” तुला माहीत आहे, गावी आपल्या बायकांची अब्रू भिंतीला मांडलेल्या भांड्यांत चेहरा दिसतो की नाही यावर ठरते. मी अडवायला गेलो. पण बायका राख, वाळू आणि लिंबं घेऊन गाणं म्हणत घासायला बसल्या, आणि श्रम करणारे हात समोर दिसले की मला राहवत नाही. मी श्रमप्रतिष्ठेवर बोललो. पोटतिडकीने बोललो. त्याने त्यांना आणखी जोर चढला. शेवटी मान राहिली होती, ती मीच घासली.

आज सकाळी कथबर्टचा फोन. “जावई, माझा हिरवा बगळा कसा आहे? तो रंग विकत मिळत नाही हो. माझ्या लग्नापासून एकेक पावसाळा खाऊन चढलाय तो.” मी म्हणालो, “सासरेबुवा, बाग अगदी हिरवीगार आहे.” गवताबद्दल हे शंभर टक्के खरं आहे. कोणती घाण आणि कोणतं वैभव, हे आता मला माझ्या स्वतःच्या दाढीबद्दलही सांगता येणार नाही.

सर्वांना नमस्कार. मुलांना अभ्यासाला बसव.

तुझा,
तावेंगवा

ता.क. तू आमच्या घराण्याचा साह्विरा. लग्नात-मयतात आमच्या नकला करून तोंडावर काहीही बोलायचा तुझा हक्क, आणि त्यावर कुणी रागावायचं नाही ही रीत. तेव्हा शुक्रवारी कथबर्टच्या आधी पोहोच. माझी टोपी घाल, पँटला भोक पाड आणि तो गाडीतून उतरताच सगळ्यांसमोर माझं सोंग घेऊन गुन्हा कबूल कर. भरपूर रड. लोक हसले की त्यालाही हसावंच लागेल.

ता.क. २. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात रुविंबो बागेत आली. डोक्यावर लग्नाची जाळी घेऊन बगळ्याच्या पोटात स्वतःला न्याहाळत बसली आणि हरखून आत्याला म्हणाली, “मी अशी दिसते? मला कुणी सांगितलंच नाही!” तेव्हा ये, टोपी घाल, गुन्हा कबूल कर, रडू मात्र नकोस. मला पश्चात्ताप होत नाही, आणि हे मला कथबर्टला टाळ्या वाजवून सांगता येणार नाही. तू सांग.