पटमोजणीनंतर ये

रविवार, ९ जुलै

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. तुझ्या शाळा मंडळाच्या छापील कागदावर, वर जावक क्रमांक, खाली गोल शिक्का. सख्ख्या बहिणीला जावक क्रमांक टाकून पत्र लिहिणारा भाऊ शोधून सापडायचा नाही, त्यामुळे मी तुला जपून ठेवते. माझी तब्येत उत्तम, डावा गुडघा सोडून. नळ दुरुस्त झाला. घरात आम्ही दोघी मजेत आहोत.

तुझ्या पत्रात ओळी तीन. पहिलीत अभिनंदन. दुसरीत 'मूल्यमापनाच्या नव्या पद्धतीचा फेरविचार व्हावा'. आणि मग तिसरी. तिसरीकडे मी सावकाश येते. आधी मला पहिल्या ओळीत जरा लोळू दे. सरकारी मूल्यमापनात तीन वर्षं एका ताऱ्यावर काढलीत रे आम्ही!

निकाल आला तेव्हा मी आमच्या मंडळाच्या कचेरीत माझ्या प्रमुखपदाच्या खुर्चीचा पाय ठोकत होते. आमचा हेडक्लार्क तुला आठवत असेल, त्याला सगळे 'नाही-होणार' म्हणतात. खडूचा डबा मागितला तरी आधी 'नाही होणार' म्हणतो आणि मग काढून देतो. तो कागद घेऊन आला आणि दारातच उभा राहिला.

"काय झालं?" मी विचारलं. "बुडालो?"

"बाई, काहीतरी चुकलंय. आपल्यापुढे पाच तारे छापलेत."

मला तरी कुठे खरं वाटलं? वरच्या खात्याला फोन लावला. म्हटलं, कालव्यापलीकडच्या, म्हणजे तुझ्या, मंडळाचे तारे नजरचुकीने आमच्यापुढे लागलेत, तेवढे काढून घ्या. पलीकडचा माणूस म्हणाला, "बाई, सकाळपासून चाळीस फोन आले. तारे परत करणाऱ्या तुम्ही पहिल्या."

तारे आमचेच निघाले. 'कामगिरी'च्या रकान्यात दोन, 'प्रगती'च्या रकान्यात पाच. तुझ्या मंडळाला कामगिरीत पाच, प्रगतीत एक. तुला हे तोंडपाठ असणार, पण मला लिहिताना गोड लागतंय, तेव्हा सहन कर. इतकी वर्षं रकाना एकच होता: वर्षअखेर पोरांना गुण किती पडले. यंदा दुसरा आला: गेल्या वर्षीच्या स्वतःपेक्षा प्रत्येक पोर किती वर चढलं. आणि दोन्हींचं वजन सारखं. म्हणजे बेरजेत आम्ही सात, तुम्ही सहा.

नाही-होणारने चष्मा पुसला आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला, "झालं!" आमची शिपाईण त्याला चिमटा काढून बघत होती.

यंदाही एकच तारा पडला असता, तर आमचं मंडळ तुझ्या मंडळात जाणार होतं. शाळा सहा, पाट्या सहा, सगळ्यांवर तुझं नाव. तुझी दोन माणसं मार्चमध्येच टेप घेऊन माझी खोली मोजायला आली होती, आठवतं? मी खुर्चीत बसलेली असताना एकाने माझ्या डोक्यावरून टेप नेली आणि दुसऱ्याला सांगितलं, "कपाटं तीन मावतील." मी म्हटलं, बाळांनो, मी उठल्यावर चार मावतील. बाजारात तुरी, हे तुझ्या माणसांना कोणी शिकवलं नाही वाटतं. त्यांची टेप इथेच राहिली. सोबत पाठवत आहे.

आता दुसऱ्या ओळीतल्या फेरविचाराबद्दल. फेरविचार कशाचा करायचा, ते मी सांगते.

दर सप्टेंबरात पटमोजणी होते. त्या दिवशी जे मूल ज्याच्या पटावर, त्याचे त्या वर्षाचे गुण त्या मंडळाच्या खात्यावर, मग ते मूल पुढे कुठेही जावो. आणि दर सप्टेंबरात, पटमोजणीच्या आदल्या आठवड्यात, तुझ्या मंडळातल्या काही आईबापांना एक फार गोड पत्र जातं: 'आपल्या पाल्यास अधिक मोकळ्या वातावरणाची गरज आहे.' मोकळं वातावरण म्हणजे कालव्याची ही बाजू. आमच्या मास्तरमंडळींनी त्या पोरांचं नावच 'मोकळी मंडळी' ठेवलंय. कुणी वाचताना अडखळतं, कुणाला भागाकार दिसला की पोटात दुखतं. एक तर तुझ्याकडे वर्षभर खिडकीशेजारी बसून फक्त खिडकी शिकला होता.

तू कोंडा पाखडून आमच्या अंगणात टाकत गेलास, दादा. आणि पाखडता पाखडता हे विसरलास, की चढायला वाव होता तो त्याच पोरांना. तुझ्याकडे उरली ती अठ्ठ्याण्णव गुणांची. ती चढून चढून जाणार कुठे, छपरावर? माझे हे पाच तारे तू मला टप्प्याटप्प्याने, तुझ्याच बसने पाठवलेस. याबद्दल मी तुझे जाहीर आभार मानणार होते, नाही-होणार म्हणाला, "नाही होणार."

पण नुसतं आणून टाकल्याने कोणी चढत नाही. आम्ही काय केलं ते तुझ्या तज्ज्ञांनी दोनदा विचारलं. ऐक, यात तज्ज्ञासारखं काही नाही. शाळा सुटायच्या आधी आमच्या बस आवारात येऊन थांबतात. ड्रायव्हर मंडळी स्टिअरिंगवर डोकं टेकून पेंगतात. आमच्या वाचनाच्या बाईंनी प्रत्येक अडखळणारं पोर एकेका बसमध्ये पुस्तक देऊन बसवलं. ड्रायव्हरला नियम एकच: चूक सुधारायची नाही. पोर थांबलं, की फक्त विचारायचं, "मग?"

बस, एवढंच. "मग?" मला स्वतःला हे थोतांड वाटलं होतं आणि मी ते बाईंना तोंडावर सांगितलंही होतं. पण मोठ्या माणसाने खरोखर पुढची गोष्ट ऐकायची आहे म्हणून विचारलेलं 'मग', आणि तपासायला विचारलेलं 'मग', यातला फरक पोराला न शिकवता कळतो. चार क्रमांकाच्या बसचे मिशीवाले काका तर आता गोष्ट अर्धी राहिली की बस सुटायच्या वेळेला हॉर्न वाजवत नाहीत. "आधी त्या कोल्ह्याचं काय झालं ते कळू दे," म्हणतात.

चार क्रमांकाच्या बसमध्ये कोण वाचत होतं, ते तू विचारणार नाहीस. मी सांगते.

दोन वर्षांपूर्वी, पटमोजणीच्या आदल्या आठवड्यात, तू तुझ्या पटावरून आणखी एक नाव कमी केलंस. त्या पालकाला गोड पत्र पाठवावं लागलं नाही. पालक तूच होतास. माझ्या दारात एक बॅग, एक उशी आणि आठ वर्षांची गोगलगाय. हे नाव तुझंच, ती सावकाश वाचते म्हणून ठेवलेलं. "राहू दे जरा आत्याकडे, मोकळ्या वातावरणात," तू म्हणालास, आणि बुटाची नाडी बांधत राहिलास. सुटलेली नसताना.

वहिनी दर रविवारी येते. फराळाचा डबा, स्वेटर, पापे, रडारड, सगळं यथासांग. तू गाडी कोपऱ्यावर लावून आत बसून राहतोस. मंडळप्रमुखाची मुलगी एका ताऱ्याच्या शाळेत, आणि तिथे प्रमुखाची गाडी दिसायला नको, हे मी समजू शकते. समजू शकते म्हणजे पटतं असं नव्हे. तुला वाटतं तिला माहीत नाही. अरे, तिला वाचायला वेळ लागायचा, ऐकायला नव्हे. तुझ्या गाडीचा आवाज ती वहिनीच्या आधी ओळखते. वहिनी आत आली, की ती एकदा खिडकीशी जाते आणि मग डबा उघडते.

तर आता तिसरी ओळ. 'सदर विद्यार्थिनीचे गुण पाहिले. तिला परत या मंडळात घेण्यास आता हरकत नाही.'

हरकत नाही! काय माणूस आहेस! पोटच्या पोरीला ना-हरकत प्रमाणपत्र!

ही ओळ वाचून मी तुला जे पत्र लिहिलं होतं ते फाडलं. ते फार चांगलं उतरलं होतं, त्यात तुझ्या शिक्क्याची योग्य जागाही सुचवली होती. मग दुसरं लिहिलं. त्यात तिच्या अभ्यासाचं नुकसान, मध्येच शाळा बदलण्याचे तोटे, असले सहा मुद्दे होते. तेही फाडलं. सहाही मुद्दे खोटे होते. खरा मुद्दा एवढाच, की मला सकाळी दोन कप काढायची सवय लागलीय.

म्हणून मी पत्र तिच्याच हातात दिलं. नाव तिचं, निर्णय आपला, असं किती दिवस चालायचं?

जेवणाच्या टेबलाशी बसून तिने ते मोठ्याने वाचलं. बोट ओळीखाली ठेवून, पण न थांबता. 'फेरविचार' एका दमात म्हणाली, दादा. 'मूल्यमापना'ला मात्र जरा वळसा घालून गेली. तिसऱ्या ओळीपाशी थांबली. माझ्या तोंडात सहाही मुद्दे परत आले होते. मी ते गिळले आणि फक्त विचारलं,

"मग?"

तिने कागदाची घडी घातली. शिक्क्यावरून नख फिरवत तिने विचारलं,

"बाबांना मी आता हवीय?"

"दिसतंय तसं."

"जाईन," ती म्हणाली. माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. "पण आत्ता नाही. पटमोजणी झाली की दुसऱ्या दिवशी."

"का गं?"

"माझे गुण इथे मोजले जायला हवेत. मिशीवाल्या काकांनी ऐकलंय सगळं, बाबांनी नाही." आणि वर मलाच म्हणाली, "तुझे तारे कमी झाले तर ते परत टेप घेऊन येतील ना!"

मी इतकी हसले की शेजारीण भिंतीवर ठोकू लागली. बापाने पटमोजणीच्या आदल्या आठवड्यात बाहेर काढलेली पोर पटमोजणीच्या दुसऱ्या दिवशी परत जाणार, आणि गुण मात्र इकडे ठेवून जाणार! गोगलगाय नि पोटात पाय. हे तुझ्याकडून आलं की माझ्याकडून, यावर आपण कधीतरी सवडीने भांडू.

शिवाय तिची एक अट आहे, मी तिच्या शब्दांत लिहिते: "रोज रविवारी नको, एकदा शाळेच्या दिवशी या म्हणावं. मी वाचीन. चुका काढायच्या नाहीत."

'रोज रविवारी' म्हणजे काय, मी विचारलं नाही. मला कळलं, तुलाही कळेल. वाक्य तपासत बसू नकोस.

तर येत्या बुधवारी, शाळा सुटायच्या जरा आधी, आमच्या आवारात चार क्रमांकाच्या बसपाशी ये. मिशीवाले काका त्या दिवशी स्टिअरिंग सोडून मागच्या बाकावर बसायला तयार आहेत. तुझ्यासाठी नव्हे, कोल्ह्याचा शेवट त्यांनाही ऐकायचाय. तुला एकच शब्द बोलायची परवानगी आहे. तो कोणता, ते वर आलंय. आरशासमोर सराव करून ये, कारण तुझ्या तोंडी तो हुकुमासारखा येण्याचा धोका आहे.

कोपऱ्यावर थांबू नकोस. गाडीतून उतर, आणि बसमध्ये चढ.

तुझी धाकटी,
जिच्याकडे पाच तारे कायमचे नाहीत, आणि दुसरा कप फक्त पटमोजणीपर्यंत आहे