डब्यावरची हसरी बाई

आई, तुझ्या तांब्याभर काढ्याला खरा खर्च किती यायचा, ते आज मांडून बघितलं. बाभळीची साल फुकटची. पण तंबाखूच्या वखारीतनं सुटल्यावर ओढ्यापर्यंतची चाल, कोपरावरचे काट्यांचे ओरखडे, आणि दोन भाकऱ्या झाल्या असत्या एवढं जळण. आता माझा निपाणीत कारखाना आहे. प्रदर्शनात मी मंजनाचा डबा उंच धरून सांगतो, "ही माझी आई. हिच्या हिरडीतनं कधी रक्ताचा थेंब आला नाही. तिच्याच हातचं हे औषध!" लोक डब्यावरचं हसू बघतात आणि दोन-दोन डबे नेतात.

मागच्या आठवड्यात बेळगावच्या दातांच्या एका कॉलेजात मंजन तपासायला दिलं. सोबत हौसेनं तुझ्यासारखा काढाही आटवून नेला. हिरडीच्या रोगाचे जंतू तिथं काचेच्या ताटलीत वाढवतात. औषध लागू पडलं की त्याच्याभोवती मोकळं कडं उरतं. निकालाला गेलो, तर आतली पोरगी मैत्रिणीला सांगत होती, "अंकलच्या आईचा काढा चाललाय गं. अंकलची पूड म्हणजे नुसता खडू!" कान माझे तिखट, ते तुला ठाऊकच आहे. मग बाहेर येऊन ती सभ्यपणे म्हणाली, "ताटलीत चाललं म्हणून तोंडात चालेलच असं नाही, अंकल." मी हसलो. काढा चार दिवसांत बुरसतो, डब्यात भरता येत नाही. म्हणून साल चिमूटभर आणि खडू पोतंभर, हे तिला कुठं सांगू?

लहानपणीचं अजून डोळ्यांपुढं आहे. चुलीपुढं तू माझी हनुवटी धरून बसलीयेस. "गिळू नगंस. धर तोंडात. जरा कडू लागलं की लगीच थुकतंय बघा, राजाचं प्वार!"

"तू का न्हाय घेत?"

"माझं काय ऱ्हायलंय रं आता? मला मिशरी हाय की."

वखारीतल्या सगळ्याजणी जळक्या तंबाखूची मिशरी दातांना लावायच्या. तुझ्या पदराला तोंडापाशी नेहमी तांबूस डाग असायचा. मी तो मिशरीचाच समजत होतो.

नवे डबे छापायचेत. छापखानेवाला विचारतोय, "फोटो तोच ना, मालक?" त्याला सांगण्याआधी तुला लिहायला बसलोय. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तर एवढं धीटपणे लिहितोय. हसताना तू तोंडावर पदर घ्यायचीस, त्यामुळं तुझा हसरा फोटो घरात एकही नाही. डब्यावर हसते ती माझी सदलग्याची सासू आहे.