ए वर हाय की बी वर

३ ऑक्टो. १९८८, सोम.
दुसरा कॉम्प्युटर आला. नुसता डबा. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. त्याऐवजी साहेबांनी मुंबईहून एक छोटी पेटी आणलीय. वर गोल नॉब, नॉबवर पांढरी रेघ. रेघ ए कडे केली की स्क्रीनवर जुनं मशीन, बी कडे केली की नवं. साहेब खूश. म्हणाले, "मशीन दोन, पण माणूस आता एकच पुरेल."
सुनंदा हसली. मला नाही हसू आलं. आम्ही दोघी टेंपररी, दिवाळीपर्यंत. आणि खुर्ची एकच.

८ ऑक्टो., शनि.
ए वर गोडाऊनचा माल, बी वर कामगारांची हजेरी. स्क्रीनवर दोन्ही सारखीच दिसतात, तेच हिरवं अक्षर. म्हणून आमचं ठरलंय, उठणारीनं मोठ्यानं सांगायचं. "ए वर हाय गं!" सु. तर असं ओरडते की गोडाऊनमधले विचारतात, "काय बाई, शाळा भरली का हितं?"
पेटी नसती तर बरं झालं असतं. पण सु. मजेत. तिची चपाती-भाजी, माझा अम्मीनं दिलेला खिमा. मुठा गावी तिच्या सासरी कळलं की ही माझा खिमा चोरून खाते, तर... 

१२ ऑक्टो.
अम्मीनं मुलाकडच्या पाहुण्यांना सांगून ठेवलंय, पोरीची नोकरी पक्की होतेय, जरा थांबा. नोकरी गेली तर पौडला घरी बसायचं आणि पाहुणे म्हणतील त्या तारखेला... नकोच विचार.

१९ ऑक्टो., बुध.
खंडेनवमी. कारखान्यात पूजा. लेथला हार, कीबोर्डवर झेंडूचं फूल. सु.नं दोन्ही मशीनला हळदीकुंकू लावलं, आणि नॉबवर तर चांगलं ओलं करून बोटभर थापलं. रेघ पार बुजली.
मी म्हटलं, "अगं, खुणेवर लागलं."
"ऱ्हाऊ दे गं. पूजा हाय, पुसू न्हाई."
नंतर ती पुसेल तर कोणी काही म्हणणार नाही. मी पुसलं तर? कोणी म्हणणारही नाही कदाचित. पण माझा हात नाही धजला.

२१ ऑक्टो., शुक्र.
कुंकू वाळून घट्ट झालंय. नॉब गोल गोल फिरतो, कुठंच अडत नाही. मी दर वेळी फायलींची यादी काढून बघते मशीन कुठलं ते. सु. म्हणते, "लई भित्री हायेस तू." आहेच.

२४ ऑक्टो., सोम.
झालं.
मी उठले. सु. बसली, ए वरच्या गोडाऊनच्या जुन्या फायली काढून टाकायला. "कुटं हाय?" मी दारातूनच सांगितलं, "ए." तिनं यादी काढलीच नाही, सगळं पुसून टाकलं. मशीन बी होतं. या महिन्याची हजेरी गेली. फ्लॉपीवर नक्कल पंधरा तारखेपर्यंतचीच.
साहेब आले. "खुर्चीत कोण होतं?"
"मी," सु. म्हणाली.
"बी आहे हे दिसलं नाही?"
"मला वाटलं ए हाय."
माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिनं. मी तिथंच उभी होते.
मी ए वरच होते ना? मध्ये एकदा बी बघितलं होतं, परत फिरवलं होतं... फिरवलं होतं ना?

२५ ऑक्टो.
दिवसभर सु. हजेरीची कार्डं वाचत होती, मी टाइप करत होते. सगळी हजेरी परत बसली. एकटीला चार दिवस लागले असते. साहेबांना हे दिसायला हवं होतं. ते म्हणाले, "दोन हात लागले की गोंधळ होणारच. दिवाळीनंतर एकच हात." आणि माझ्याकडे बघून मान डोलावली, म्हणजे तो हात माझा.
अम्मीला सांगितलं. तिनं शेवया केल्या. मी वाटी तशीच झाकून ठेवली.

२६ ऑक्टो., बुध.
पिरंगुटच्या स्टँडवर सु.ला म्हटलं, मी साहेबांना सांगते, ए मीच म्हणाले होते.
"गप बस. तुजं तरी ऱ्हाईल."
"आणि तुझं?"
"माजं काय, भातकापणी आलीच हाय." तिची एस्टी आली. चढताना पदर दारात अडकला, तो सोडवताना माझ्याकडं बघितलं. हसली नाही. मला तिचा राग आला. मोठेपणा करायला कुणी सांगितलं होतं हिला?

२८ ऑक्टो., शुक्र.
सु.ला आजपासून गोडाऊनमध्ये बसवलंय, माल मोजायला. जाण्याआधी ती आत आली, ओल्या फडक्यानं नॉब पुसला, रेघ नीट दिसतेय का बघितलं आणि गेली.
उद्या सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलंय, पक्क्याच्या कागदावर सही करायला. सांगायचं ठरवलंय. केबिनच्या दारापर्यंत तरी ठरलेलंच आहे.
संध्याकाळी काम संपवून उठले आणि सवयीनं मोठ्यानं म्हणाले, "बी वर हाय गं!"
खोलीत कोणी नव्हतं. परत बसले, रेघ बघितली. बी वरच होती.