गाळण्यातले जीव

बोरगाव, ४ मे १९३६

मागच्या गल्लीत नारूनं धुमाकूळ घातलाय! कुणाच्या घोट्यातून, कुणाच्या पोटरीतून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत लोंबतोय. माझ्या तंबाखूच्या वखारीत निम्मी माणसं नाहीत. बेळगावहून प्रमोदिनी नर्सबाई आल्यात. काडीवर रोज थोडा थोडा नारू गुंडाळतात. ओढला की तुटतो, पाय कुजतो.

गल्लीचा आड मीच खणून दिलेला. डोक्यावर तंबाखू वाहून मालक झालेला माणूस मी, गड्यांची तहान मला ठाऊक! बाई म्हणाल्या, "पायऱ्यांच्या विहिरीत लोक पाय बुडवतात, तिथं नारू असायचाच. पण आडात कुणी उतरत नाही. इथं कसा?"

मी छाती फुगवून सांगितलं — आमच्या घरात एकालाही नाही! आम्ही जैन, गाळल्याशिवाय पाणी तोंडाला लावत नाही.

"म्हणूनच वाचलात. पाण्यातल्या बारीक किड्याच्या पोटातून नारू येतो. तो किडा फडक्यात अडकतो."

५ मे

गल्लीला गुन्हेगार सापडला. माझ्याच वखारीतला मष्णू. गेल्या उन्हाळ्यात गाळ काढायला आडात उतरलेला. "नारूचा पाय घिऊन उतरलास की रं!" तो ओरडत होता — "तवा माझा पाय साफ हुता!" त्याच्या बायकोला, धोंडूबाईला, पाणी शेंदू दिलं नाही. रिकामी घागर घेऊन माझ्या दारावरून गेली.

६ मे

परसात बसलो होतो. बायकोनं, चंदनानं, पाणी गाळलं, फडकं बादलीत खळबळलं. मग पलीकडं आडात बादली अलगद टेकल्याचा आवाज. माझे कान तिखट म्हणतात — हा रोजचा आवाज कधी ऐकलाच नव्हता!

पिण्याचं पाणी आम्ही पायऱ्यांच्या विहिरीचं आणतो, गोड लागतं म्हणून. फडक्यातले जीव मरू नयेत म्हणून पाण्यात परत सोडायचे. आड खणला तेव्हा बायको म्हणाली होती, "जिथलं जीव तिथंच सोडायचं असत्यात." ती विहीर लांब. मीच म्हटलं — आड जवळ आहे की! जीव जगल्याशी मतलब.

जगले! विहिरीतला नारूचा किडासुद्धा.

आजपासून आडात सोडू नको, एवढंच तिला सांगितलं. का ते सांगायला तोंड झालं नाही.

७ मे

गल्लीत गेलो नाही. डोकं दुखतंय म्हणून निरोप धाडला. डोकं ठणठणीत आहे.

८ मे

मष्णूच्या घरावर दगड पडले. धोंडूबाईच्या कपाळाला लागला. इथवर ऐकू आलं, तरी उठलो नाही. थू!

९ मे

बोललो. बाई निपाणीला गेल्यात, त्यांची वाट बघितली असती तर पुन्हा शेपूट घातली असती. गल्ली जमवली. फडकं, बादली, आड — सगळं सांगितलं. "नारू माझ्या घरातनं आला. मष्णूचा दोष न्हाय. पाणी गाळून प्या." सांगून सरळ घरी आलो. आता दगड माझ्या दारावर. येऊ देत.

१० मे

सगळी गल्ली दारात. पुढं म्हातारा रवळू, हातात नारळ. "गड्यासाठी किटाळ अंगावर घेतलंसा आप्पा! असा मालक कुठं हाय?" मष्णू लंगडत आला, पाया पडला. "माझ्यापायी खोटं बोललासा."

"ऊठ रं," म्हणालो. एवढंच म्हणालो.