गळ्यापर्यंत टाकी

१२ एप्रिल १९९८
पुन्हा अर्ध्या वाटेतून परत! खांब गावाच्या पुढे गेलो आणि शांतीने काच खाली केली. "अहो, पेट्रोलचा वास येतो. थांबवा ना."
पेणला नम्रता वाट बघत होती. सातव्या महिन्यात बाळ गेलं पोरीचं, आणि आई इथे रस्त्याच्या कडेला नाकाला पदर लावून बसलेली! गुडघ्यामुळे हिला एसटीची पायरी चढवत नाही, म्हणून तर ही नवी गाडी घेतली. घरी येऊन फार बोललो तिला. रडली.

१५ एप्रिल
शेजारच्या वरसे गावाहून मोरू मिस्त्री आला. बॉनेट उघडून एक काळा डबा दाखवला. त्यात म्हणे कोळसा! जुन्या गाड्यांत टाकीतली पेट्रोलची वाफ सरळ हवेत जायची. या गाडीत ती नळीने डब्यात येते, कोळसा तिला धरून ठेवतो. इंजिन चालू झालं की ते हवेबरोबर ती वाफ ओढून घेतं आणि जाळून टाकतं.
"मग वास का रे?"
"काका, टाकी कशी भरता?"
कशी म्हणजे? पंपाची नळी खट् करून थांबली की गाडी गदागदा हलवायची, आणखी भरायचं. पार गळ्यापर्यंत! आख्खा रोहा असाच भरतो.
"तिथंच चुकतं. वाफेला जागा नको व्हय? तुमचं पेट्रोलच डब्यात गेलंय. कोळसा भिजला, आता वाफ धरीत नाय."
म्हणजे शांतीचं नाक खरं, मी उगाच ओरडलो.

२० एप्रिल
नवा डबा बसवला. वास गेला!

२६ एप्रिल
पेणला पोचलो एकदाचे. मायलेकी गळ्यात पडून रडल्या. मला बघवेना, बाहेर येऊन पुसलेलीच गाडी पुन्हा पुसत बसलो.
परतताना वडखळला शांती बोलता बोलता गप्प. हाक मारली तरी नजर भलतीकडेच. मग म्हणाली, "आला हो वास."
बॉनेटमध्ये डोकं घालून हुंगलं. काही नाही!

३ मे
पुन्हा तेच — नजर हरवली, मग वास. पेणच्या डॉक्टरांकडे नेलं.
"वास गाडीतच येतो ना?"
ती बोलायच्या आत मीच सांगितलं, गाडीतच.
"बरं. पण गाडी जवळ नसताना आला, तर एक दिवस घालवू नका. मुंबईला नेऊन मेंदूचा फोटो काढा."
भलतंच काहीतरी! मोरूने डबा नीट बसवला नसेल.

९ मे
जावई नम्रताला माहेरपणाला सोडून गेला. गाडी त्याच्याबरोबरच धाडली — म्हटलं, निलेशराव, पेणच्या गॅरेजात वास शोधून काढा. रात्री नम्रता पोटभर जेवली. किती दिवसांनी! शांती नुसती तिच्याकडे बघत होती.

१० मे
सकाळी शांती नम्रताच्या केसांना तेल लावत होती. मधेच हात थांबला.
"नमू, पेट्रोल सांडलंय का गो कुठं?"
गाडी पेणला आहे.