बेटावरच्या हॉटेलातला नाश्ता

आदरणीय तुळसाबाईस,

धाकट्या भावाचा, उकंडाचा, सप्रेम जयभीम. इकडे सगळं खुशाल आहे असं लिहाची रीत आहे म्हणून लिहितो, पुढचं वाचून तूच ठरव. तुझा गुडघा कसा आहे? घाटंजीच्या बाजारात अजून पायीच जाऊन राह्यली असशील तर तो काही बरा होत नाही, हे मी अंदमानातून सांगतो. फोनच केला असता, पण फोनवर तू मले बोलू कुठं देतेस?

उर्वशीनं मले इथं काहून बोलावलं ते तुले ठाऊक आहे. पोरगी हॉटेलात रिसेप्शनवर आहे, आणि ज्यायचं काम चांगलं त्यायच्या आईबापाले इथं चार दिवस पाहुणे म्हणून ठेवतात. आई राह्यली नाही, म्हणून बापच आला. हॉटेल म्हणजे एक आख्खी टेकडी. खाली समुद्र, वर खोल्या, आणि वर न्यायले बॅटरीची गाडी. जिंदगीभर राळेगावची एसटी चालवली मी, आणि इथला ड्रायव्हर मले बसवून घाट चढवते तर वळणावर हॉर्न देत नाही! (मी त्याले बोललो. तो हसला. घाटात हसू नये.) पलंगावर इतक्या उशा की माणूस झोपन कुठं? न्हाणीघराले एका बाजूनं नुसती काच. म्हणे आंघोळ करताना समुद्र दिसते. समुद्रातल्या बोटवाल्यायले काय दिसते, ते कोणी सांगत नाही. मी लुंगीवरच आंघोळ केली. सकाळी पाहुण्यानं आपलं अंथरूण आपण आवरावं म्हणून चादरी धुवून बाहेर वाळत टाकल्या, तर उर्वशी धावत आली, म्हणे बाबा, लोकं इथं फोटो काढतात. काढल्या बापा चादरी. इथपर्यंत गंमतच होती.

तिसऱ्या दिवशी पहाटे शेजारच्या खोलीतला म्हातारा वारला. नवरा-बायको दोघंच फिराले आलते. आदल्या संध्याकाळी त्यानं मले हात केला होता, मीही केला, एवढीच ओळख. डॉक्टर येऊन गेला, दाराले ‘त्रास देऊ नये’ची पाटी लागली, आणि आतून त्या बाईचं बारीक बारीक रडणं ऐकू येऊन राह्यलं. बोट दुपारी येणार, तोवर मयत खोलीतच. उर्वशीले विचारलं तर ती हात जोडते. म्हणे बाबा, कोणाजवळ एक शब्द काढू नका, नाश्ता करा आणि खोलीत बसा. मी समजलो, हॉटेलवाल्यायनं पोरीचं तोंड बांधलं.

आता तूच सांग बाई. आपल्या वस्तीत मयत उचलेपर्यंत शेजारची चूल पेटते का? खाली जेवणाच्या हॉलात पाहतो तर एक जण गिटार वाजवून राह्यला, लोकं खिदळून राह्यले, कोणी टरबूज खाते, कोणी केक. माझं टाळकंच सटकलं. उभा राह्यलो आणि बसच्या मागच्या सीटपर्यंत जाईल अशा आवाजात हिंदीत बोललो, की बंद करा हे, वर माणूस मरून पडला, त्याची बाई एकटी रडून राह्यली, तुमच्या घशाखाली उतरते कसं? गिटार थांबली. काही लोकं उठून गेले, काहीयनं मोबाइल काढले. मी प्लेट उपडी ठेवली (रिकामीच होती, पण ठेवली) आणि वर जाऊन त्या बाईच्या दाराशी खाली फरशीवर बसलो, आपल्याकडे बसतात तसा. मले वाटलं, या बेटावर एक तरी माणूस आहे.

मंग दार उघडलं. बाईच्या हातात फोन. तिनं विचारलं, “आप ही थे?” बस, एवढंच. ओरडली असती तर मले सोपं गेलं असतं. तुळसाबाई, हे गुपचूप ठेवा म्हणून त्या बाईनंच हॉटेलवाल्यायले सांगतलं होतं. तिची पोरगी परदेशात, दिवस भरत आलेले, घरात एकटी. जावई घरी पोचला की त्याच्या समोर तिले सांगायचं, असं ठरवलं होतं, आणि तोवर कोणाले कळणार नाही असा उर्वशीनं शब्द दिला होता. तेवढ्यात कोणीतरी माझा व्हिडिओ टाकला, खाली हॉटेलचं नाव. पोरीनं तो पाह्यला आणि आईले फोन करून विचारलं, मम्मी, कोण मेलं? आईले खोटं बोलता आलं नाही.

मी माफी मागितली. तिनं दार लावून घेतलं. तिथून उठणं बरं दिसत नव्हतं आणि बसणंही बरं दिसत नव्हतं. दुपारी मयत नेताना खांदा द्याले पुढं झालो, तर चाकाची गाडी होती. खांदा लागतच नव्हता.

मॅनेजर भला माणूस. मले चहा पाजला, आणि उर्वशीले चार दिवसांची सुट्टी दिली. आम्ही दोघंही परवा निघतो. गुडघ्याले शेक दे.

तुझा भाऊ,
उकंडा

ता. क. सुट्टी नाही, कामावरून काढलं. तू पत्र शेजारणीले वाचून दाखवतेस म्हणून वर तसं लिहिलं. तिथपर्यंतच वाचून दाखव.

आणखी ता. क. ‘आम्ही दोघं’ हेही खरं नाही. मी एकटाच निघतो. उर्वशीनं माझी बॅग भरली, गोळ्या वरच्या खणात ठेवल्या, सदरे घडी केले. शेवटी म्हणे, बाबा, तुम्ही त्या शेजारच्या खोलीतल्या मावशीले एकदा तरी विचारलं का? मयताच्या शेजारी गाणंबजावणं करू नये, असं मले अजूनही वाटते. पण विचारलं नव्हतं मी, हे खरं. कुठं जाणार विचारलं तर सांगत नाही. पोटची पोर आहे बाई, मले भेव वाटते.

शेवटचं. तुझा फोन ती उचलते. तिले म्हण, ‘घाटंजीले माझ्याकडे, आत्याकडे, येऊन राह्य, तुझा बाप इकडे फिरकणार नाही.’ मी फिरकत नाही. चौदा एप्रिललेही नाही. आली का, एवढं मात्र कळव.